योजना देवाची, फाईल आमची

आमच्या घरात ‘योजना’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक सरकारची, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. माझ्या लेकीचं डायलिसिस तिच्यात बसतं. दुसरी देवाची. सरकारी योजनेला निदान खिडकी असते. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन आरोग्यमित्रासमोर बसलं की फाईल कुठे अडलीय ते कळतं. देवाकडे फाईल दाखवायची पद्धत नाही. मी बत्तीस वर्षं नर्स होते. पेशंटच्या पायाशी लटकवलेला चार्ट वाचल्याशिवाय मी कधी कुणाला गोळी दिली नाही. त्यामुळे न वाचता भरवसा ठेवायचा, हे मला फार जड गेलं.

आम्ही नगरचे. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं. घर ख्रिस्ती, चार पिढ्यांचं. २०१५ साली थोरलीच्या पायांवर सूज आली. ती सव्वीस वर्षांची, नोकरीला लागून आठ महिने झालेले. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, एकच्या आसपास हवा तो अकराच्या पुढे निघाला. तो आकडा वाचणाऱ्या खोलीत त्याचा अर्थ कळणारी मी एकटी होते. दोन वर्षं मशीनवर काढली आणि २०१७ मध्ये पुण्याला माझी डावी किडनी तिला बसवली. रक्तगट जुळला, क्रॉसमॅच निगेटिव्ह आली, प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीचे कागद एका फेरीत झाले. शुद्धीवर आल्यावर मी लेकीच्या लघवीचा पहिला प्रश्न विचारला, “युरोबॅगमध्ये किती?” सिस्टर हसून म्हणाली, “टेबलावरच सुरू झाली, मॅडम.”

महिन्याभराने उपकारस्तुतीची सभा ठेवली. बुंदी केली, शेजारच्या गल्लीपर्यंत वाटली. मी उभी राहून साक्ष दिली: एकेक दार कसं उघडत गेलं, देवाची योजना मला आरशासारखी स्वच्छ दिसतेय.

चौदा महिन्यांनी तिच्या शरीराने ती किडनी नाकारली. औषधाची एक वेळ चुकली नव्हती. सकाळी आठ, रात्री आठ, मी स्वतः घड्याळ लावून बसायचे. क्रिएटिनिन १.१ वरून १.९, मग ३, मग बायोप्सी, मग पुन्हा मशीन. मंगळवार, गुरुवार, शनिवार, प्रत्येक वेळी चार तास. आजही तेच चालू आहे.

का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तुम्हाला ते इथे सापडेल म्हणून वाचत असाल तर आधीच सांगते, नाही सापडणार. पण न कळता जगायचं कसं, यातलं थोडं हाताला लागलंय. नव्या पेशंटच्या नातेवाइकाला वॉर्डात आम्ही चार गोष्टी सांगायचो, तशा सांगते.

देवाचे खुलासे आपण करायचे नाहीत

किडनी गेली म्हटल्यावर लोक भेटायला आले. त्यातल्या बहुतेकांनी कारण सोबत आणलं होतं. कुणी म्हणालं, देव परीक्षा बघतो. कुणी म्हणालं, आवडत्यांनाच ताडन करतो. एका बाईने हळूच विचारलं, घरात काही गुप्त पाप आहे का. आणि सगळ्यात जास्त कारणं मीच शोधली. रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढली, अकरा झाली. सातव्या नंबरला लिहिलं होतं, ‘साक्ष देताना मला गर्व झाला होता.’ अकराव्याला, ‘माझीच किडनी नालायक.’

तुम्हीही लिहून काढा. मनात फिरत राहिली तर ती वाढतात; कागदावर मोजता येतात. मग प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न लिहा: हे मला कुणी सांगितलं? डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते ठेवा. पवित्र शास्त्रात स्पष्ट असेल तर तेही ठेवा. बाकीच्यांवर काट मारा. माझ्या अकरापैकी एकही उरलं नाही. अकराव्यासाठी मी नेफ्रॉलॉजिस्टांना फोन केला होता. ते म्हणाले, “सिस्टर, तुमची किडनी उत्तम होती. शरीराने नाकारली. इतकंच माहीत आहे.” ‘इतकंच माहीत आहे’ म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास जास्त बसतो.

बायबलमधलं ईयोबाचं, त्या दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाचं, पुस्तक पुन्हा वाचा, आणि या वेळी मित्रांकडे लक्ष ठेवून वाचा. अलीफज, बिल्दद आणि सोफर येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तिथवर ते उत्तम मित्र आहेत. मग तोंड उघडतात आणि देवाच्या वतीने वकिली सुरू करतात. बेचाळीसाव्या अध्यायात देव रागावतो तो या वकिलांवर. ओरडणाऱ्या, जाब विचारणाऱ्या ईयोबाबद्दल तो म्हणतो, माझ्याविषयी हा बरोबर बोलला. आणि ईयोबाला कारण? ते शेवटपर्यंत कळत नाही. पहिल्या दोन अध्यायांत वर काय घडलं ते तुम्हाआम्हाला कळतं, त्याला कधीच कळलं नाही. शब्बाथ शाळेत मी ही गोष्ट वीस वर्षं शिकवली होती, पण हे माझ्या लक्षात यायला २०१८ साल उजाडावं लागलं.

आमच्या पणजीची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, त्यांत ती होती. (दौंडजवळचं केडगाव, आमच्या नगरला लागून आहे ते नव्हे. हा घोळ दर वेळी होतो.) वय सात-आठ असावं, बरोबर कोणी उरलं नव्हतं. पुढे तिला लोक म्हणायचे, बघ, दुष्काळ पडला म्हणून तुला प्रभू भेटला, ही देवाची योजना. आजी सांगायची, पणजी त्यावर उठून आत जायची. एकदाच म्हणाली होती, “मला भेटायला त्याने माझी तीन भावंडं मारली म्हणता? तसा असता तर मी त्याच्या दारात थांबले नसते.” आयुष्यभर पहाटे चारला उठून प्रार्थना करणारी बाई ही. दुष्काळ देवाच्या नावावर टाकायला तिने नकार दिला आणि त्याचा हातही सोडला नाही. स्वतः रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते, नवरा लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पटकीने गेला, आणि एकुलती लेक मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, पण शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हातात होतं. त्या मुक्तीत वाढलेल्या मुलीला भरवसा म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

भांडायचं तर तोंडावर

पहिले चार महिने मी प्रार्थना केली नाही. जेवताना ‘प्रभू, हे अन्न आशीर्वादित कर’ एवढं यंत्रासारखं म्हणायचे. राग होता, पण देवावर रागावणं म्हणजे पाप, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. म्हणून मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. नवरा-बायकोत होतं ना, भांडण नको म्हणून अबोला, तसं.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांतली एकतृतीयांशाच्या आसपास विलापाची, तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ वगैरे काही नाही. कुणीतरी ते तसंच ठेवलं, हजारो वर्षं कुणी खोडलं नाही, आणि आपण ते उपासनेत वाचतो. म्हणजे या बोलण्याला परवानगी आहे. प्रभू येशूनेही वधस्तंभावर ‘तू माझा त्याग का केलास’ हेच विचारलं, आणि त्याला तिथे उत्तर आल्याचं कुठल्याच शुभवर्तमानात लिहिलेलं नाही.

करायचं कसं, ते सांगते. जागा ठरवा. मी स्वयंपाकघर घेतलं, कारण लेकीसाठी भाजी शिजवायला वेळ लागतो: बारीक चिरायची, उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम उतरतं, आणि मग फोडणी. उकळी येईपर्यंतचा वेळ माझा. एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, तेरावं नाहीतर बावीसावं, आणि ‘माझे शत्रू’ आलं की तिथे आपल्या शत्रूचं नाव घालायचं. मी ‘क्रिएटिनिन’ म्हणायचे. मग स्वतःच्या शब्दांत बोलायचं. देवाला ‘तू’च म्हणतो आपण, तेव्हा भांडायला सोपं जातं. पुस्तकी शब्द वापरू नका. ‘हे कृपाळू स्वर्गीय पित्या’ असं सुरू केलंत की पुढे खरं बोलता येत नाही, हा माझा अनुभव. आणि उकळी आली की थांबायचं. हे महत्त्वाचं आहे. तक्रारीला वेळेची हद्द नसली की ती दिवसभर वास मारत राहते.

माझं पहिलं वाक्य होतं, “बुंदी वाटली रे मी.” त्यावर एवढी रडले की भाजी लगदा झाली.

कॅलेंडरवरचं वचन सगळं वाचा

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ तुम्हाला पाठ असेलच. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, भविष्याची आशा देणारे आहेत. आमच्या देवघरात (आम्ही त्या कोपऱ्याला देवघरच म्हणतो) ते फ्रेम करून लावलंय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला ते बारा जणांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं.

आता ते पत्र सुरुवातीपासून वाचा. पत्रच आहे ते; यिर्मयाने यरुशलेमहून बाबेलला पाठवलेलं, धरून नेलेल्या लोकांना. आधीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा सांगतो, दोन वर्षांत सगळं ठीक होईल, सगळे परत येतील. यिर्मया त्याला म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही ते हवंच होतं! पण पत्रात तो आकडा लिहितो सत्तर वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्यांतली बहुतेक माणसं बाबेललाच मरणार. आणि मधल्या काळात काय करायचं? पाचव्या वचनापासून आहे: घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा. ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

मी दोन वर्षं हनन्याचा संसार करत होते. ‘ही बरी झाली की’ करू म्हणून सगळं ठेवून दिलं होतं. भिंतीला रंग नाही, धाकट्याचं लग्न लांबणीवर, लेकीचं पोस्टल शिक्षण अर्धवट. पत्र नीट वाचल्यावर आम्ही सत्तर वर्षांच्या हिशेबाने घर लावलं. दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आलो, कारण डायलिसिसहून आल्यावर तिला जिने चढवत नव्हते. दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर भाड्याने घेतलं. दाराशी शेवगा लावला. तिला चालत नाही, बाकीच्यांना चालतो. तिने घरीच शिकवण्या सुरू केल्या, सोम-बुध-शुक्र. धाकट्याचं लग्न मंगळ-गुरु-शनि सोडून रविवारी संध्याकाळी केलं.

तुमच्या बाबतीत शेवगा कुठला, ते तुम्ही शोधा. प्रश्न असा विचारा: हे असंच दहा वर्षं राहणार असेल तर मी या आठवड्यात काय बदलेन? विचारताना अंगावर काटा येतो. मलाही वाटलं होतं, असं विचारणं म्हणजे आशा सोडणं. पण आशेचं वचन आणि मळे लावायची आज्ञा एकाच पत्रात आहेत, मध्ये फक्त पाच-सहा वचनांचं अंतर.

याला जोडून बायबलमधल्या योसेफाचा हिशेब मांडते, मला हिशेब आवडतात. भावांनी विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा. फारोसमोर उभा राहिला तेव्हा तीस. मध्ये तेरा वर्षं गुलामी आणि तुरुंग, त्यांतली दोन तर तुरुंगातला सोबती, फारोचा प्यालेबरदार, सुटल्यावर त्याला विसरला म्हणून फुकट गेली. मग सात वर्षं सुकाळ, दोन दुष्काळाची, तेव्हा भाऊ समोर आले. ‘देवाने मला तुमच्यापुढे पाठवलं’ हे वाक्य तो पहिल्यांदा तिथे बोलतो, बावीस वर्षांनी. पोटीफराच्या तुरुंगात त्याने असं काही म्हटल्याची नोंद नाही. तिथे तो प्यालेबरदाराला विनवतो, मला इथून सोडव, मी काही केलेलं नाही. मी आरशासारखं स्वच्छ दिसतंय म्हणाले होते ते ऑपरेशनच्या महिन्याभराने! योसेफाएवढा धीर धरला असता तर निदान बुंदीचा खर्च वाचला असता.

गोळी बंद करायची नाही

हे आडवळणाने सांगत नाही. आम्हाला एका आरोग्यसभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्यांच्या सभेला, नेलं होतं. स्टेजवरचे गृहस्थ म्हणाले, विश्वास असेल तर मशीन सोडा. माझी लेक पुढच्या रांगेत बसलेली. मी तिचा हात धरला आणि बाहेर आले. डायलिसिस सोडलेला माणूस कसा जातो ते मी वॉर्डात पाहिलंय. दम लागतो, फुप्फुसात पाणी भरतं, पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. इन्सुलिन सोडून ‘विश्वासाने’ आलेले पेशंटही मी बेशुद्ध अवस्थेत उतरवून घेतलेत. औषध, मशीन, दुसरं मत, पुन्हा प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवणं, हे सगळं करत राहा. आम्हीही तिचं नाव नोंदवलंय. देवाला काही वेगळं करायचं असेल तर गोळी आड येत नाही.

मनाच्या आजारालाही हेच. झोप गेली, जेवण गेलं, उठावंसं वाटेना, मरणाचे विचार येऊ लागले, तर पाळकसाहेबांना सांगा आणि डॉक्टरांनाही दाखवा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलतात. मी सहा महिने मनाच्या डॉक्टरांची गोळी घेतली. मंडळीत कुणाला सांगितलं नव्हतं, आता इथे सांगितलं.

बाकावर परत कसं बसायचं

ज्यांच्यापुढे साक्ष दिली त्यांच्यापुढे परत जाणं, हे मला बायोप्सीच्या रिपोर्टपेक्षा अवघड गेलं. सोपा रस्ता सांगते: उशिरा जा, शेवटच्या बाकावर बसा, आशीर्वचन झालं की निघा. कोरसमध्ये गायला बोलावलं तर नाही म्हणा. गीत चालू असताना तोंड उघडलं नाही तरी चालतं. शेजारचे गातात, तेवढ्यात तुमचं भागतं. असे मी आठ-नऊ महिने काढले. एक म्हातारे काका दर रविवारी माझ्या बाकावर येऊन बसायचे, ‘सलाम’ म्हणायचे, बस. कारण विचारलं नाही, वचन सांगितलं नाही. निघताना कधी खिशातून पेपरमिंट काढून द्यायचे, लेकीसाठी, कारण तहान लागली की तोंडात ठेवायला बरं पडतं हे त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं होतं. तुम्ही कुणाच्या दुःखाला भेटायला जाणार असाल तर मी याहून जास्त काही शिकवू शकत नाही.

पुढे पाळकसाहेबांनी पुन्हा साक्षीला बोलावलं. मी म्हटलं, माझी साक्ष अपुरी आहे. ते म्हणाले, अपुरीच द्या. मी तीन मिनिटं बोलले. किडनी गेली, कारण माहीत नाही, मी देवाशी भांडते, तो अजून घर सोडून गेलेला नाही. मग लेक तिच्या जागेवरूनच म्हणाली, “आणि मम्मी, चौदा महिने मी पोटभर पाणी प्यायले, ते सांग ना.” ते मी माझ्या कुठल्याच यादीत लिहिलं नव्हतं.

रोज सकाळी मी तिच्या डाव्या मनगटाच्या वर, फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडून केलेल्या रक्तवाहिनीवर, दोन बोटं ठेवते. आतून मांजर घुरघुरतं तशी थरथर लागते. ती लागली म्हणजे रक्त वाहतंय, मशीनला हात आहे. थांबली तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. डोळे मिटून मी ती मोजत नाही, नुसती ऐकते, अर्धा मिनिट. सध्या माझी सकाळची प्रार्थना एवढीच आहे, आणि ती मी कुणाला शिकवायला जात नाही.

तिला दिवसाला पाऊण लिटर पाणी. बाटलीवर मार्करने रेघा मारल्यात, चहा-डाळ सगळं त्यात धरायचं. परवाच्या रविवारी प्रभुभोजन होतं. छोट्या पेल्यातला द्राक्षरस घेऊन ती बाकावर परत आली आणि माझ्या कानात म्हणाली, “मम्मी, पंधरा एमएल लिही.” मी वहीत लिहिलं.